स्मृतिभ्रंशावरील डोनेपेझिल: लाभ, दुष्परिणाम आणि घरच्यांनी ठेवावयाची नजर

स्मृतिभ्रंशाचे निदान झाल्यावर डॉक्टरांच्या चिठ्ठीत बहुधा पहिल्यांदा येणारे नाव म्हणजे डोनेपेझिल. अल्झायमर आजारामुळे होणाऱ्या स्मृतिभ्रंशासाठी जगभर सर्वाधिक वापरले जाणारे हे औषध जपानमधील एसाय या कंपनीच्या प्रयोगशाळेत हाचिरो सुगिमोतो यांच्या चमूने शोधून काढले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला नोव्हेंबर १९९६ मध्ये मान्यता दिली. भारतात अनेक कंपन्या ते वेगवेगळ्या व्यापारी नावांनी विकतात. पुष्कळदा मेमॅन्टिन या दुसऱ्या औषधासोबत एकाच गोळीत ते दिलेले असते. त्यामुळे वेष्टनावर ‘डोनेपेझिल’ हे नाव ठळकपणे दिसेलच असे नाही. ते बारीक अक्षरांतल्या घटकांच्या ओळीत शोधावे लागते.

हे औषध आजार बरा करीत नाही आणि मेंदूतील पेशींचा ऱ्हासही थांबवीत नाही. काही रुग्णांत ते स्मरण, अवधान आणि रोजचे व्यवहार काही काळ सावरून धरते. काहींत घरच्यांना कळण्याजोगा फरक पडत नाही. लाभ माफक असला की तोट्याचा हिशेब अधिक काटेकोरपणे मांडावा लागतो. येथे अडचण अशी की ज्याच्या पोटात गोळी जाते, त्यालाच तो हिशेब सांगता येत नाही. मधुमेहाच्या रुग्णाला गोळीने मळमळले तर तो पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगतो. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण मात्र फक्त ताट दूर सारतो, आणि घरात समजूत होते की आईचा हट्टीपणा वाढला.

गोव्यासाठी हा विषय दूरचा नाही. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण राज्यात ११.२ टक्के होते; त्याहून अधिक प्रमाण केवळ केरळात होते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीच्या अंदाजानुसार देशातील साठ वर्षांवरील लोकांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्ती, स्मृतिभ्रंशासह जगत आहेत. मुले आखातात, पोर्तुगालमध्ये किंवा पुण्या-मुंबईत आणि मोठ्या घरात दोन म्हातारी माणसे, हे चित्र येथील गावोगावी परिचयाचे आहे. अशा घरात एका वृद्धाच्या गोळ्यांवर दुसऱ्या वृद्धाने नजर ठेवायची असते.

एकाच रसायनाची अनेक ठिकाणे

डोनेपेझिलचे दुष्परिणाम विखुरलेले वाटतात. कुठे पोट, कुठे झोप, कुठे हृदय, कुठे लघवी. परंतु त्या सर्वांचे मूळ एक आहे आणि ते समजले की बाकीचे लक्षात ठेवणे सोपे जाते.

मेंदूतील चेतापेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी जी रसायने वापरतात, त्यांत ॲसिटिलकोलिन हे एक प्रमुख रसायन आहे. अल्झायमरमध्ये ते तयार करणाऱ्या पेशी लवकर मरू लागतात आणि त्याचा तुटवडा पडतो. निरोप पोहोचल्यावर ॲसिटिलकोलिनचे विघटन करणारा एक विकर शरीरात असतो, त्याला कोलिनएस्टरेज म्हणतात. डोनेपेझिल या विकराला अडवून धरते. नवे ॲसिटिलकोलिन तयार होत नाही, पण असलेले अधिक काळ टिकते. नळाचे पाणी वाढवता येत नसेल तर टाकीची गळती थांबवावी, त्यातला हा प्रकार आहे.

अडचण एवढीच की हे रसायन केवळ मेंदूत नसते. आतड्याची हालचाल, जठरातील आम्ल, लाळ, घाम, मूत्राशयाचे आकुंचन, श्वासनलिकांचे आकुंचन, स्नायूंचे काम आणि हृदयाची गती या सर्वांत त्याचा हात आहे. ऑस्ट्रियातील ग्राट्स येथे ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयावर जो प्रसिद्ध प्रयोग केला, त्यात याच पदार्थाने हृदयाचे ठोके मंदावलेले दिसले होते. या संशोधनासाठी त्यांना हेन्री डेल यांच्यासह १९३६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या प्रयोगाची कल्पना आपल्याला झोपेत, स्वप्नात सुचली, असे लोवी सांगत. डोनेपेझिलच्या रुग्णांना पडणाऱ्या स्वप्नांची गोष्ट पुढे येणारच आहे. तेव्हा हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

शेतीशी संबंध असलेल्या वाचकांना आणखी एक नाते सांगता येईल. ऑर्गॅनोफॉस्फरस वर्गातील कीटकनाशके याच विकराला बंद पाडतात, मात्र अत्यंत तीव्रतेने आणि जवळजवळ कायमचे. फवारणीच्या विषबाधेत दिसणारी तोंडाला सुटणारी लाळ, घाम, उलट्या, जुलाब, आकसलेल्या बाहुल्या आणि मंद नाडी ही लक्षणे डोनेपेझिलच्या मोठ्या अतिमात्रेतही दिसतात आणि उतारा म्हणून दोन्हीकडे ॲट्रोपिनच वापरतात. याचा अर्थ औषध विषारी आहे असा मुळीच नाही. ठरलेल्या मात्रेत त्याचा परिणाम सौम्य आणि उलटणारा असतो. पण विसरभोळ्या माणसाच्या हाताशी गोळ्यांची पूर्ण पाकिटे का ठेवू नयेत, हे यावरून कळावे.

पोट, भूक आणि वजन

सर्वांत अधिक आढळणारे त्रास पोटाचे आहेत: मळमळ, उलटी, पातळ जुलाब आणि भूक मंदावणे. औषध सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत आणि मात्रा वाढवल्यावर ते अधिक जाणवतात. बहुतेकांत हळूहळू ओसरतात.

येथे मात्रा वाढवण्याचा वेग निर्णायक ठरतो. औषधाची सुरुवात रोज ५ मिलिग्रॅमने करतात आणि चार ते सहा आठवड्यांनंतर, सोसवत असेल तर, १० मिलिग्रॅमपर्यंत नेतात. मान्यतेपूर्वीच्या चाचण्यांत दोन पद्धती तपासल्या गेल्या. ज्यांना एका आठवड्यातच १० मिलिग्रॅमवर नेले, त्यांच्यापैकी १९ टक्के रुग्णांना मळमळ झाली. ज्यांना सहा आठवडे थांबून नेले, त्यांच्यात हे प्रमाण ६ टक्के होते, म्हणजे औषधाविना निव्वळ साखरेची गोळी घेणाऱ्यांइतकेच. जुलाबाचे आकडे अनुक्रमे १५ आणि ९ टक्के, निद्रानाशाचे १४ आणि ६ टक्के. ‘लवकर गुण यावा’ म्हणून घाई करणाऱ्या नातेवाइकांनी हे आकडे जरूर पाहावेत. औषध शरीरातून अर्धे कमी होण्यास सुमारे ७० तास लागतात, त्यामुळे त्याची रक्तातील पातळी स्थिर व्हायलाच साधारण पंधरा दिवस जातात. आज वाढवलेल्या मात्रेचा खरा परिणाम उद्या दिसत नाही.

अमेरिकेत २०१० मध्ये २३ मिलिग्रॅमची गोळीही मान्य झाली. तिच्यात त्रास स्पष्टपणे वाढतो: १० मिलिग्रॅमवर मळमळ सुमारे ३ टक्के रुग्णांत, तर २३ वर सुमारे १२ टक्के रुग्णांत नोंदली गेली. मिळणारा जादा लाभ पाहता हा सौदा फारसा फायद्याचा मानला जात नाही.

गोळी जेवणाआधी वा नंतर घेतली तरी औषधाच्या शोषणात फरक पडत नाही. पण मळमळणाऱ्या रुग्णाला ती पोटात काही असताना दिलेली बरी. उलट्या-जुलाब असताना पेज, सोलकढी, पाणी वारंवार द्यावे लागते, कारण तहान लागल्याचेही हा रुग्ण सांगत नाही आणि वृद्ध शरीरातील पाणी लवकर घटते. गोव्याच्या एप्रिल-मे महिन्यांत तर अधिकच.

वजनाकडे मात्र सर्वांत कमी लक्ष जाते. अल्झायमरमध्ये वजन मुळातच घटते. औषधाने भूक मंदावली तर त्यात भर पडते. नजरेला ते कळत नाही, कारण रोज पाहणाऱ्याला बदल दिसत नसतो. महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर, वजन लिहून ठेवणे हा साधा उपाय आहे. सैल झालेल्या बांगड्या, खाली घसरणारी विजार, तोंडात हलू लागलेली कवळी या खुणाही तेच सांगतात.

जठरातील आम्ल वाढत असल्याने पूर्वी अल्सर झालेल्यांना, तसेच सांधेदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या नियमित घेणाऱ्यांना रक्तस्रावाचा धोका संभवतो. डांबरासारखी काळी शौचाला होणे किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी होणे ही तातडीने रुग्णालय गाठण्याची लक्षणे होत.

झोप आणि स्वप्ने

माहितीपत्रकात ही गोळी रात्री झोपण्यापूर्वी घ्यावी असे असते. अनेकांना ते मानवते. काहींची मात्र झोप उडते, किंवा विलक्षण स्पष्ट, भडक, कधी भीतिदायक स्वप्ने पडतात. स्वप्नांच्या झोपेत ॲसिटिलकोलिनची पातळी एरवीही वर असते. औषध तिला आणखी उचलून धरते.

निरोगी माणूस जागा झाला की ‘स्वप्न होते’ म्हणून कूस बदलतो. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला स्वप्न आणि जाग यांतली सीमा नीट ओळखता येत नाही. मध्यरात्री उठून चोर शिरल्याचे सांगणे, वर्षांपूर्वी वारलेल्या भावाला हाका मारणे, दाराची कडी काढू पाहणे असे प्रकार मग घडतात आणि आजार बळावल्याची समजूत होते. यावर पहिला उपाय अगदी सोपा आहे: डॉक्टरांना विचारून गोळी रात्रीऐवजी सकाळी द्यावी. पुष्कळ रुग्णांत एवढ्यानेच रात्र शांत होते. तो न करता झोपेची गोळी सुरू केली, तर दिवसाची गुंगी आणि तोल जाण्याचा धोका तेवढा पदरी पडतो.

पायात गोळे येणे, थकवा आणि डोकेदुखी हेही आढळणारे त्रास आहेत. काहींत उलट अस्वस्थपणा, चिडचिड वाढते.

हृदयाची मंदावलेली चाल

पोटाचा त्रास लोकांना दिसतो म्हणून त्याची चर्चा होते. खरी काळजी हृदयाची घ्यायला हवी. लोवींच्या बेडकाच्या हृदयात जे घडले, तेच येथे सौम्यपणे घडते. बहुतेकांची नाडी थोडी मंदावते आणि काही बिघडत नाही. पण ज्यांच्या हृदयातील विद्युतप्रवाहाच्या मार्गात आधीच दोष आहे, त्यांच्यात ठोके फार मंदावून भोवळ येते, माणूस कोसळतो.

कॅनडातील ओंटारिओ प्रांतात झालेला आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत महत्त्वाचा आहे. स्मृतिभ्रंशासाठी या वर्गातील औषधे घेणाऱ्या सुमारे १९,८०० वृद्धांची तुलना ती न घेणाऱ्या सुमारे ६१,५०० रुग्णांशी केली गेली. शुद्ध हरपल्यामुळे रुग्णालयात यावे लागण्याचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत दर हजारी वर्षाला ३१.५, तर न घेणाऱ्यांत १८.६ होते. पेसमेकर बसवावा लागण्याचे प्रमाण आणि खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाणही औषध घेणाऱ्यांत अधिक आढळले. अशा पाहणीतून कार्यकारण पूर्णपणे सिद्ध होत नसले तरी औषधाचा गुणधर्म आणि निष्कर्ष यांची दिशा एकच आहे. वृद्ध स्त्रीचे खुब्याचे हाड मोडले की पुढच्या वर्षाचे सारे गणितच बदलते, हे ज्यांनी घरात पाहिले आहे त्यांना या आकड्यांचे वजन सांगावे लागणार नाही.

म्हणूनच औषध सुरू करण्यापूर्वी नाडी मोजणे आणि ईसीजी काढून घेणे शहाणपणाचे असते. रक्तदाबासाठी वा हृदयासाठी मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, डिल्टियाझेम, व्हेरापामिल, डिगॉक्सिन यांपैकी काही चालू असेल तर तेही नाडी मंदावतात आणि दोघांचा परिणाम एकत्र होतो. काचबिंदूसाठी डोळ्यांत घालायचे टिमोलॉलचे थेंबदेखील या यादीत मोडतात. डोळ्यांचे डॉक्टर वेगळे, मेंदूचे वेगळे, हृदयाचे वेगळे. थेंब म्हणजे ‘औषध’ नव्हे असे समजून घरचे त्याचा उल्लेखच करीत नाहीत.

दुसरा धोका ठोक्यांच्या लयीचा आहे. ईसीजीवर क्यूटी या नावाने मोजला जाणारा अवधी डोनेपेझिलमुळे काही रुग्णांत लांबतो आणि क्वचित त्यातून गंभीर अनियमितता उद्भवते. अलीकडच्या काळात युरोपातील नियामकांनी हा इशारा माहितीपत्रकात समाविष्ट करून घेतला आहे. ॲझिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन ही जंतुनाशके, एस्सिटॅलोप्राम हे नैराश्यावरील औषध, उलटीवरची ऑन्डॅनसेट्रॉन आणि डॉम्पेरिडोन ही औषधेही हाच अवधी लांबवतात. मळमळ डोनेपेझिलची, तिच्यासाठी फार्मसीतून आणलेली गोळी डॉम्पेरिडोनची, आणि भार दोन्हींचा हृदयावर, ही साखळी अगदी सहज जुळून येते.

औषधामागून औषध

या साखळीला वैद्यकशास्त्रात नाव आहे. एका औषधाचा दुष्परिणाम नवा आजार समजला जातो, त्यासाठी दुसरे औषध येते, त्याच्या परिणामासाठी तिसरे. डोनेपेझिलच्या बाबतीत याचे सर्वांत अभ्यासलेले उदाहरण लघवीचे आहे.

ॲसिटिलकोलिनमुळे मूत्राशय आकुंचन पावते. औषधाने ते अधिक जोरात आकुंचन पावले तर घाईची लघवी लागते, कपड्यांत होते. घरच्यांना वाटते, आजाराचा पुढचा टप्पा आला. मूत्रविकारतज्ज्ञ ऑक्सिब्युटिनिन किंवा टोल्टेरोडिनसारखे औषध देतात. ही औषधे काम करतात ती ॲसिटिलकोलिनचा परिणाम रोखून! म्हणजे एक गोळी ते रसायन वाढवते, दुसरी त्याला दारातच अडवते. डोनेपेझिलचा उरलासुरला लाभ जातो, आणि दुसऱ्या औषधाने संभ्रम वाढतो, तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होते. ओंटारिओतच झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डोनेपेझिलच्या वर्गातील औषधे घेणाऱ्या ४.५ टक्के रुग्णांना पुढे असे विरोधी औषध मिळाले. न घेणाऱ्यांत हे प्रमाण ३.१ टक्के होते.

लघवीपुरताच हा प्रश्न नाही. सर्दीच्या मिश्र गोळ्यांतील क्लोरफेनिरामिन, खाज वा झोपेसाठी घेतले जाणारे प्रोमेथाझिन, पोटातील कळीसाठीचे डायसायक्लोमिन, मज्जातंतूंच्या वेदनांसाठीचे ॲमिट्रिप्टिलिन, कंपासाठीचे ट्रायहेक्सिफेनिडिल ही सारी त्याच विरोधी गटात येतात. यांपैकी पहिली दोन-तीन तर घरातल्या औषधांच्या डब्यात कायम असतात आणि कुणालाही न विचारता दिली जातात.

वागण्यातील बदलांबाबतही हेच घडते. औषधामुळे वाढलेली अस्वस्थता शांत करण्यासाठी हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन किंवा क्वेटियापिन दिले जाते. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांत या वर्गातील औषधांमुळे मृत्यूचे प्रमाण वाढते, असा ठळक इशारा अमेरिकी प्रशासनाने २००५ मध्येच दिला होता. त्यातही ज्यांना ल्यूई बॉडी प्रकारचा स्मृतिभ्रंश आहे, त्यांच्यात हॅलोपेरिडॉलसारख्या औषधांनी शरीर एकाएकी ताठरण्याची भीती असते. आणि मेंदूच्या पुढच्या भागाला होणाऱ्या फ्रन्टोटेम्पोरल प्रकारात तर डोनेपेझिलच उपयोगी पडत नाही, उलट वागणे अधिक बिघडवू शकते. निदान केवळ ‘विसरभोळेपणा’ एवढ्यावर थांबवू नये, याचे हे एक कारण.

फुप्फुसे, फिट आणि शस्त्रक्रिया

दमा किंवा धूम्रपानाने खराब झालेली फुप्फुसे असतील तर श्वासनलिका आकसून त्रास वाढू शकतो. फिट येण्याचा पूर्वेतिहास असेल तर तो सांगावा. पुरुषांत प्रोस्टेटमुळे लघवीचा मार्ग अडलेला असल्यास तेही.

शस्त्रक्रियेची वेळ आली, अगदी मोडलेले हाड बसवण्याची असली तरी, भूलतज्ज्ञांना या गोळीची माहिती मिळालीच पाहिजे. स्नायू सैल करण्यासाठी भुलीत वापरल्या जाणाऱ्या सक्सिनिलकोलिनचा परिणाम तिच्यामुळे लांबू शकतो. तातडीच्या वेळी चिठ्ठी सापडत नाही. गोळ्यांच्या पाकिटाचे छायाचित्र दोन-तीन नातेवाइकांच्या मोबाइलमध्ये असले तर मुलगा दुबईत असतानाही ही माहिती बांबोळीच्या गोमेकॉत पोहोचू शकते.

अत्यंत विरळा, पण माहीत असावा असा परिणाम म्हणजे स्नायूंचे विघटन. कॅनडाच्या आरोग्य खात्याने २०१५ मध्ये त्याबद्दल, तसेच तीव्र ताप, ताठरलेले शरीर आणि हरपणारी शुद्ध अशा लक्षणांच्या एका गंभीर अवस्थेबद्दल सावध केले. अकारण तीव्र अंगदुखी आणि चहासारखी गडद लघवी दिसल्यास वाट पाहू नये.

पट्टी आणि मेमॅन्टिन

याच वर्गातील रिव्हास्टिग्मिन हे औषध गोळीप्रमाणेच कातडीवर चिकटवायच्या पट्टीच्या स्वरूपातही मिळते. पोटाचा त्रास पट्टीने कमी होतो. पण तिची एक चूक जीवावर बेतणारी आहे. चोवीस तासांनी नवी पट्टी लावताना जुनी काढायची राहून जाते, विशेषतः ती पाठीवर असेल आणि सकाळची काळजीवाहक वेगळी, संध्याकाळची वेगळी असेल तर. दोन-तीन पट्ट्या एकाच वेळी अंगावर राहिल्याने अतिमात्रा झाल्याचे प्रकार नोंदले गेले आहेत. पट्टीवर पेनाने तारीख लिहावी, जुनी काढल्याशिवाय नवे वेष्टन फोडू नये, आणि त्याच जागी पुन्हा पट्टी लावण्यापूर्वी चौदा दिवस जाऊ द्यावेत. तीन दिवसांहून अधिक खंड पडला तर पूर्वीच्याच मात्रेने पुन्हा सुरू न करता डॉक्टरांना विचारून कमी मात्रेपासून आरंभ करावा लागतो.

मेमॅन्टिनची जात निराळी आहे. ते ॲसिटिलकोलिनला हात लावत नाही. ग्लुटामेट या दुसऱ्या रसायनाच्या अतिरेकाला आवर घालते. त्यामुळे त्याचे त्रासही निराळे: चक्कर, डोकेदुखी, बद्धकोष्ठ, गुंगी, कधी संभ्रम, कधी वाढलेला रक्तदाब. मूत्रपिंडे अशक्त असतील तर मात्रा घटवावी लागते. दोन्ही औषधे एकाच गोळीत असली की कोणता त्रास कशाचा हे ओळखणे अवघड होते, आणि एकाची मात्रा बदलायची तर दोन्हींची बदलते. सोयीची ही किंमत आहे.

घरच्यांनी काय करावे

एक साधी वही पुरते. औषध कधी सुरू झाले, मात्रा कधी वाढली, वजन, नाडी, जेवण, झोप, पडणे-धडपडणे यांची तारखेनिशी नोंद. ‘हल्ली आई जेवत नाही’ या वाक्यातून डॉक्टरांना फार काही हाती लागत नाही. ‘मात्रा वाढवल्यापासून दहाव्या दिवसापासून जेवत नाही’ यातून लागते. एखादी गोळी राहून गेली तर ती सोडून द्यावी आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी एकच द्यावी. औषध शरीरात दीर्घकाळ टिकत असल्याने एका दिवसाने बिघडत नाही. दोन गोळ्या एकदम दिल्याने मात्र बिघडते. नाडी मिनिटाला पन्नासच्या खाली जाणे, भोवळ, कोसळणे, काळी शौच, फिट, थांबत नसलेली उलटी यांपैकी काहीही दिसल्यास पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्यावी.

औषधाच्या दुष्परिणामाची नोंद करण्याची सोय देशात आहे आणि ती केवळ डॉक्टरांसाठी नाही. भारतीय औषधसंहिता आयोगाच्या औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण वा नातेवाईकही माहिती देऊ शकतात. ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या राष्ट्रीय मदतवाहिनीवर इतर साहाय्याबद्दल विचारता येते.

काळजी घेणाऱ्याचे स्वास्थ्य हाही या हिशेबातला भाग आहे, आणि त्याचा पुरावा गोव्यातूनच आला. राज्यातील दोन तालुक्यांतील ८१ कुटुंबांवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांनी घरी जाऊन माहिती आणि आधार दिल्यावर काळजी घेणाऱ्यांवरील मानसिक ताण कमी झालेला आढळला. गोळीच्या जोडीला अशी मदत मिळाली तर नोंदवही भरणारे माणूसही टिकते.

बंद करायचे कधी?

दुष्परिणाम दिसला की गोळी एकदम थांबवावी, असे प्रत्येक वेळी नसते. भोवळ, रक्तस्राव अशा गंभीर प्रसंगी डॉक्टर ती तत्काळ थांबवतात. पोटाचा वा झोपेचा त्रास असेल तर मात्रा कमी करणे, वेळ बदलणे किंवा पट्टीकडे वळणे हे मार्ग आधी पाहिले जातात.

‘आता आजार पुढे गेला, औषधाचा काय उपयोग?’ हा प्रश्न अधिक कठीण. ब्रिटनमध्ये डॉमिनो नावाच्या चाचणीत मध्यम ते तीव्र अवस्थेतील २९५ रुग्णांचा अभ्यास झाला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ज्यांचे डोनेपेझिल चालू ठेवले, त्यांची आकलनशक्ती आणि दैनंदिन व्यवहार औषध थांबवलेल्यांपेक्षा वर्षभर बरे राहिले. २०१५ च्या पुढील विश्लेषणात, औषध बंद केलेल्यांना पहिल्या वर्षात शुश्रूषागृहात ठेवावे लागण्याचे प्रमाण अधिक दिसले. त्यानंतरच्या तीन वर्षांत तो फरक उरला नाही. म्हणजे आजार पुढच्या टप्प्यात गेला एवढ्याच कारणाने गोळी काढून घेणे योग्य नाही. दुसरीकडे, वजन सतत घटत आहे, रुग्ण पडतो आहे, आणि शेवटच्या अवस्थेत तो कुणालाच ओळखत नाही, गिळतही नाही, तेव्हा ती चालू ठेवण्याला अर्थ उरत नाही.

थांबवायचे ठरल्यास मात्रा काही आठवड्यांत उतरवत आणतात. १० वरून ५ मिलिग्रॅम, महिनाभर निरीक्षण, मग बंद. या काळात रुग्ण एकाएकी अधिक गोंधळलेला, निरुत्साही किंवा भासांनी घेरलेला दिसू लागला तर औषध काही काम करीत होते असे समजते आणि ते पुन्हा सुरू करता येते. फार आठवडे जाऊ दिले तर गमावलेले परत येतेच असे नाही. म्हणून बंद केल्यानंतरच्या चार ते सहा आठवड्यांच्या भेटीची तारीख शेवटची गोळी देण्यापूर्वीच ठरवून घ्यावी.